पाहुणा खोलीत आला तर

सकाळच्या सहा जणींपैकी एकच निवडली गेली, हे बाईंना साडेबाराला कळलं. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशेजारी भरतीवाल्या मॅडमनी कागद चिकटवला होता. सहा क्रमांक, एकापुढे बरोबरची खूण, पाचांपुढे आडवी रेघ. बाईंनी चष्मा पुसून कागद पुन्हा वाचला. रेघा पाचच होत्या.

हॉटेल नवं होतं, दोनशे दहा खोल्यांचं, आणि वीस दिवसांनी उघडायचं होतं. पर्यटकांचा हंगाम सुरू व्हायच्या आत त्यांना खोल्या लावणाऱ्या शिकलेल्या बायका हव्या होत्या. प्रशिक्षण केंद्राने सोळा जणी तयार करून द्यायच्या, त्यांतल्या किमान दहा निवडल्या गेल्या तर पुढच्या तीन तुकड्याही केंद्राकडेच, असं ठरलं होतं. दहाच्या आत आल्या तर हॉटेल बाहेरच्या एजन्सीकडून तयार माणसं आणणार होतं. केंद्राचे संचालक तसे मवाळ गृहस्थ, पण त्यांनीही आडपडदा ठेवला नव्हता. “बाई, दहा झाल्या नाहीत तर तुमच्या वर्गात मी कॉम्प्युटर लावीन. मलाही वर तोंड दाखवायचं असतं.”

दुपारी दहा जणी बाकी होत्या. त्यांतल्या नऊ निवडल्या जायला हव्या होत्या.

बाईंचा वर्ग म्हणजे फर्निचरच्या दुकानावरची एक लांबट खोली. अर्ध्या भागात बाकं, उरलेल्या अर्ध्यात हॉटेलची खोटी खोली: एक मोठा पलंग, दोन दिवे, एक आरसा, आणि फळीच्या भिंतीपलीकडे नळाला पाणी नसलेलं बाथरूम. त्या पलंगावर चार महिन्यांत काही हजार वेळा चादर घातली गेली असेल. चादरीचा कोपरा कसा मोडायचा, उशीच्या खोळीचं तोंड दारापासून उलट्या बाजूला का ठेवायचं, लाल फडका कमोडचा आणि निळा बेसिनचा, आणि त्यांची भेट का होऊ द्यायची नाही, हे सगळं बाईंनी तिथे शिकवलं. बाथरूमच्या फरशीवर त्या बॅटरी आडवी धरत. केस उभ्या उजेडात लपतो, आडव्या उजेडात सापडतो. मुली मागून म्हणत, बाईंना माशीच्या पायाचे ठसेही दिसतात.

त्यामुळे पाच जणी खोली नीट न लावल्यामुळे गेल्या, हे बाईंना पटेना. त्यातून त्या पाचांत ‘घडी’ होती. एकवीस वर्षांची, वर्गात सगळ्यांत अबोल, आणि हात असे की टॉवेल तिच्या हातात आला की आपणहून दुमडतो असं वाटावं. हे टोपणनाव बाईंनीच दिलेलं. इतक्या वर्षांत इतक्या कौतुकाने त्यांनी दुसऱ्या कुणाला नाव दिलं नव्हतं.

बाईंनी सहाही जणींना जिन्यात उभं केलं. “खोलीत काय झालं ते सांगा. पहिल्यापासून.”

“पलंग झाला, बाई. बाथरूम झालं. वीस मिनिटांत दोन मिनिटं उरली,” सायकलवरून येणारी म्हणाली.

“मग?”

“तेवढ्यात मॅडम आत आल्या. पाहुणी असल्यासारख्या. पर्स टाकली, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, इथे जवळपास चप्पल शिवून मिळते का?”

“तू काय केलंस?”

“तुम्ही सांगितलं तेच. बादली उचलली, बाजूला झाले, मान खाली घातली आणि बाहेर आले.”

बाकीच्या चौघींनीही तेच केलं होतं. एकीला छत्रीचं विचारलं, एकीला औषधाच्या दुकानाचं. घडीला मॅडमनी विचारलं होतं, खिडकीतून दिसते ती टेकडी चढायला किती वेळ लागतो? घडी त्याच टेकडीच्या पायथ्याशी राहते. ती भिंतीला लागून उभी राहिली आणि मॅडमचा प्रश्न संपल्यावर ट्रॉली घेऊन निघून आली. निवडली गेलेली एकटी पोस्टमनची बायको. तिने, बाईंचं शिकवणं विसरून, चप्पलवाल्याचा पत्ता सांगितला होता.

पाचांचं चुकलं नव्हतं. शिकवल्या वाटेवरून त्या रेसभरही ढळल्या नव्हत्या.

ती वाट बाईंनी स्वतः एकोणतीस वर्षं तुडवली होती. बाविसाव्या वर्षी एका जुन्या हॉटेलात त्या कामाला लागल्या, तेव्हा मजल्याची मुख्य बाई म्हणाली होती, पाहुण्याला खोली दिसली पाहिजे, आपण नाही. पहिल्याच वर्षी एका पाहुणीने हवेबद्दल काहीतरी विचारलं, आणि बाईंनी हसून उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी त्या पाहुणीचं ब्रेसलेट सापडेना. मॅनेजरने पहिला प्रश्न केला, “तिच्याशी बोललं कोण होतं?” मजल्यावर सहा जणी होत्या; नाव एकटीचंच पुढे आलं. तीन दिवस बाईंना लाँड्रीच्या कोठडीत बसवून ठेवलं. चौथ्या दिवशी ब्रेसलेट पाहुणीच्याच बॅगेच्या अस्तरात निघालं. माफी कुणी मागितली नाही, आणि बाईंनीही तशी अपेक्षा ठेवली नाही. त्यांनी फक्त धडा घेतला: जी दिसली नाही, तिच्यावर आळ येत नाही. पाहुणा खोलीत आला तर आपण खोलीत नसावं. पुढच्या अठ्ठावीस वर्षांत त्यांच्यावर एकदाही संशय आला नाही, आणि एकाही पाहुण्याला त्यांचा चेहरा आठवत नसेल.

हाच धडा त्यांनी सोळा जणींना दिला होता. खोट्या खोलीत त्या स्वतः पाहुणा होऊन आत शिरत, आणि जी मान वर करील तिला पुन्हा पहिल्यापासून पलंग लावायला लावत.

घड्याळात बारा चाळीस झाले होते. दीड वाजता पुढची परीक्षा होती.

चादरी ठेवायच्या खोलीत दहा जणी डबे उघडून बसल्या होत्या. बाईंनी दार लावलं. “डबे मिटा. मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची शिकवली.”

कुणाचा घास तोंडातच राहिला. बाईंच्या तोंडून ‘चुकीची’ हा शब्द नेहमी समोरच्यासाठी यायचा. त्यांनी जिन्यात कळलेलं थोडक्यात सांगितलं आणि म्हणाल्या, “पाहुणा आला की आता निघायचं नाही. थांबायचं, बघायचं, उत्तर द्यायचं, आणि विचारायचं, काम चालू ठेवू की नंतर येऊ.”

“म्हणजे चार महिने तोंडाला कुलूप, आणि आता पन्नास मिनिटांत किल्ली शोधा,” कोपऱ्यातून आवाज आला.

तो धाकटीचा होता. धाकटी म्हणजे बाईंच्या धाकट्या दिराची बायको, वय एकेचाळीस, दोघी एकाच घरात वर-खाली राहतात. पतंगाच्या मांजासारखी तिची जीभ. एकदा सुटली की कुणाचं बोट कापेल सांगता येत नाही. वर्गात ती ‘बाई’ म्हणायची, पण असं ओढून म्हणायची की आजूबाजूच्या खाली बघून हसायच्या. बोलण्यापायी तिच्याइतके पलंग पुन्हा कुणीच लावले नव्हते.

“हो,” बाई म्हणाल्या. “शोध. तुझ्याकडे असेल.”

धाकटीने डबा बाजूला सारला. हा टोमणा आहे की काय, हे तिने क्षणभर पाहिलं. मग ती उठली.

“मी पाहुणी,” बाई म्हणाल्या आणि दारातून आत आल्या. “इथे जवळपास चप्पल शिवून मिळते का?”

सायकलवालीची बहीण उभी होती. तिने तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. पाय मात्र भिंतीकडे सरकले.

“अगं, ती काय पोलीस आहे?” धाकटी म्हणाली. “पाय आधी जमिनीला रोव. जाऊबाई, तुम्ही घरात जिन्यावरून खाली उतरलात की मी काय करते?”

“तोंड फिरवतेस.”

“त्याच्या बरोबर उलटं करायचं, मुलींनो.”

पहिल्यांदा हशा पिकला. बाई हसल्या नाहीत, पण पुन्हा दारातून आत आल्या. एकदा, दोनदा, अकरा वेळा. त्यांनी चार पायऱ्या पाठ करून घ्यायला सुरुवात केली, तर धाकटीने अडवलं. “पाठ केलं तर पाठांतरच ऐकू येईल. त्यांना सांगा, तुमच्या आत्याला पत्ता सांगताय असं समजा. आत्याला कुणी घाबरतं का?”

“माझी आत्या बघितली नाहीस तू,” कुणीतरी म्हणालं.

एक वीसला बाईंनी थांबवलं. दहांतल्या सहा जणींना जमत होतं, दोघींना कसंबसं, आणि दोघी अजून जमिनीकडेच बघत होत्या. नऊ हव्या होत्या.

दुपारी कॉरिडॉरच्या टोकाला एका स्टुलावर बाई बसून राहिल्या. तीनशे चार, पाच आणि सहा या खोल्या आळीपाळीने वापरत होत्या; हॉटेलची दोन माणसं एकीत पलंग विस्कटायची, तोवर दुसरीत परीक्षा चालायची. बंद दारातून शब्द कळत नव्हते, फक्त आवाज आहे की नाही एवढं कळत होतं. बाई आवाज मोजत होत्या. पहिलीच्या वेळी आवाज आला. दुसरीच्या वेळी आला, पण एकटीचाच, मॅडमचा. तिसरी, चौथी, पाचवी ठीक. धाकटी सातवी होती, तीनशे चारमध्ये. तिथून तर हसण्याचा आवाज आला. दोघींच्या हसण्याचा. बाईंनी घड्याळ पाहिलं. बारा मिनिटं झाली होती आणि बाथरूमच्या नळाचा आवाज अजून आला नव्हता. आत शिरून ‘फरशी’ एवढा एकच शब्द म्हणायला त्यांची जीभ वळवळली. त्या स्टुलाच्या कडा धरून बसून राहिल्या.

वीस मिनिटांनी धाकटी घामाघूम बाहेर आली. “काय गोड बाई आहे. तिच्या पोराला गणित येत नाही.”

“फरशी पुसलीस?”

धाकटीचा चेहरा पडला.

साडेपाचला दुसरा कागद लागला. दहांपैकी सात. धाकटीपुढे रेघ. सकाळची एक धरून आठ.

मॅडम तीनशे पाचमध्ये कागद आवरत होत्या. वय तिशीचं, आवाज हळू, आणि ‘नाही’ म्हणतानाही त्या समोरच्याच्या डोळ्यांत बघत. बाई दारातच उभ्या राहिल्या. “सकाळच्या पाच जणींना पुन्हा घ्या. त्यांची खोली कशी होती?”

“उत्तम होती. मी इतकी चांगली पाहिली नाही. पण बाई, आमच्याकडे लोक लांबून येणार, चार दिवस राहणार. खोलीत त्यांना दिवसातून एकदाच माणूस भेटतो, तो म्हणजे तुमची मुलगी. तिने पाहुणा दिसताच पळ काढला, तर त्याला वाटतं आपल्या अंगाला वास येतो.”

“पळायला मी शिकवलं. त्यांनी ऐकलं. चूक माझी, आणि रेघ त्यांच्यापुढे.”

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. “मग तुम्ही करून दाखवा.”

“काय?”

“पलंग लावा. मी येते.”

बाईंनी चादर झटकली. पहिला कोपरा, दुसरा कोपरा. हातांना विचारावं लागत नव्हतं. तिसऱ्या कोपऱ्यावर असताना दार उघडलं. मॅडमनी पर्स खुर्चीवर टाकली. “माझ्या चष्म्याची दांडी तुटली हो. जवळ कुठे दुरुस्त होईल?”

बाईंना दुकान माहीत होतं. बाहेर पडून डावीकडे, औषधाच्या दुकानाला लागून. त्यांच्या स्वतःच्या चष्म्याची दांडी तिथेच दोनदा बसवलेली. उत्तर तोंडात तयार होतं. तरीही भान आलं तेव्हा त्यांची पाठ भिंतीला टेकलेली होती, हात पोटाशी धरलेले होते आणि नजर गालिच्यावर होती. पाय कधी हलले ते त्यांना कळलं नव्हतं.

मॅडम थांबल्या. त्यांनी मदत केली नाही.

“बाहेर पडलं की डावीकडे,” शेवटी बाई म्हणाल्या. “औषधाच्या दुकानाशेजारी. सातपर्यंत उघडं असतं.”

“हे तुम्ही गालिच्याला सांगितलंत.”

बाईंनी मान वर केली. त्याला लागला तेवढा वेळ दोघींनाही मोठा वाटला असणार. “एकोणतीस वर्षं झाली,” बाई म्हणाल्या.

मॅडमनी चौथा कोपरा स्वतःच आत खोचला. बाईंनी तो काढून पुन्हा नीट घातला.

“उद्या नऊला पाचही जणींना पाठवा,” मॅडम म्हणाल्या. “मला माणसं हवीच आहेत. पण तुम्ही मजल्यावर नको. दुपारी प्रत्येकीची नजर उत्तर द्यायच्या आधी दाराकडे जात होती.”

त्या संध्याकाळी वर्गात सहा ते आठ बोलण्याचा सराव झाला. धाकटीने घेतला, स्वतः नापास झाल्याचा राग तिच्या आवाजात होता आणि तो उपयोगी पडला. बाई मागच्या बाकावर बसल्या. दोनदा त्यांनी पलंगाच्या कोपऱ्याबद्दल बोलायला तोंड उघडलं आणि दोनदा धाकटीने वळूनही न बघता हात वर केला. घरी जाताना दोघी एकाच बसमध्ये होत्या, पण वेगवेगळ्या सीटवर.

दुसऱ्या दिवशी बाई हॉटेलच्या मागच्या दारापाशी थांबल्या, जिथे धुवायचे कपडे गाडीत चढवतात. नऊ ते अकरा. पहारेकऱ्याने खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. दोन हव्या होत्या. पाचांतल्या दोन. त्यांनी मनात प्रत्येकीला खोलीत उभं करून पाहिलं: सायकलवाली बोलेल, पण घाईत बोलेल. टेलरची मुलगी हसेल तरी. बाकी दोघींचं काही सांगता येत नाही. घडी? घडीला त्या खोलीत उभं करत, मॅडमना आत आणत, प्रश्न विचारायला लावत, आणि तिथेच त्यांचं चित्र अडत असे.

अकरा दहाला, बाईंऐवजी मुलींबरोबर वर गेलेली धाकटी जिन्यावरून उतरली. तिची चाल बघून काही कळेना.

“बोल.”

“तीन.”

बाईंनी श्वास सोडला. “अकरा झाल्या.”

“अकरा. कॉम्प्युटर आता दुसरीकडे लावा म्हणावं.” धाकटी खुर्चीत बसली, बाईंनी न वापरलेल्या. “मॅडम म्हणाल्या, बाथरूम शिकून घ्या आणि तीन महिन्यांनी या. मी म्हटलं, बाथरूम शिकवणारी माझ्या डोक्यावरच राहते.”

“त्या तीन महिन्यांत वर्गात ये. बोलण्याचा तास तू घे.”

“आणि तुम्ही मागे बसून तोंड उघडणार.”

“नाही उघडणार.”

“बघू,” धाकटी म्हणाली. मग सूर उतरवून तिने सांगितलं, “सायकलवाली राहिली. तिचं काही नाही, ती दिराच्या दुकानात बसेल म्हणते. आणि घडी राहिली. ती वर जिन्यात आहे. मी हाक मारली, उठली नाही.”

बाई जिना चढून गेल्या. लिफ्ट होती, पण कर्मचाऱ्यांनी जिना वापरायचा, आणि बाईंना ती सवय होती. घडी दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर बसली होती. अॅप्रन काढून तिने मांडीवर घेतला होता आणि त्याची घडी घालत होती. घालून झाली की मोडत होती.

बाई तिच्याशेजारी बसल्या. गुडघे वाजले.

“बाई, माझं काय चुकलं?” घडीने विचारलं. तिने विचारलेला हा बहुधा चार महिन्यांतला पहिला प्रश्न.

“तुझं नाही चुकलं. मी शिकवलं ते सगळ्यांत जास्त तू शिकलीस.”

“टेकडीचंच विचारलं परत. मला उत्तर येत होतं.”

“मला माहीत आहे.”

“तोंडापर्यंत आलं होतं.”

“मलाही काल आलं होतं,” बाई म्हणाल्या. “तोंडापर्यंत. आणि मी भिंतीला चिकटले.”

घडीने त्यांच्याकडे पाहिलं. सरळ, मान न झुकवता, काहीसं अविश्वासाने. बाईंनीही तेवढाच वेळ पाहिलं, सोपं नव्हतं.

“सोमवारी नऊला ये. धाकटी शिकवणार आहे.”

“मी एकटीच?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “दोघी आहोत.” आणि जिन्याच्या कठड्याला धरून त्या उठल्या. “आता सांग, टेकडी चढायला किती वेळ लागतो?”

घडीने तोंड उघडलं, मिटलं. बाई उभ्याच राहिल्या. खालच्या मजल्यावर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं, त्या आवाजावरही त्यांनी मान वळवली नाही.

“चाळीस मिनिटं,” घडी म्हणाली. “पण सकाळी निघालं तर.”